हातानं काढलेलं कार्टून की कॉम्प्युटरचं? ठाण्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

नौपाड्यात दर रविवारी सकाळी आमचा ॲनिमेशनचा छोटा वर्ग भरतो. मुलं आत कागद फडफडवत बसतात आणि पालक बाहेर जिन्यात, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहून मला प्रश्न विचारतात. कुणी घोडबंदरहून आलेलं असतं, कुणी ऐरोलीहून, प्रश्न मात्र तेच. पुढची बॅच खोळंबते, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. १९९०च्या दशकात मी हातानं चित्रं काढून पोट भरलं, पुढची पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी दोन्हीकडे जेवलोय.

दोन्हींत नेमका फरक काय? सोप्या भाषेत सांगा.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताच्या पद्धतीत मुख्य ॲनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढतो, त्यांना ‘की’ म्हणतात. दोन कींच्या मधली चित्रं काढणारा वेगळा, तो ‘इनबिटविनर’. मी तोच होतो. बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. तरीही हिशेब करून बघा: १९३७ सालचा ‘स्नो व्हाइट’ ८३ मिनिटांचा आहे, म्हणजे जवळपास १ लाख २० हजार फ्रेम. एकेका फ्रेममध्ये पात्रं अनेक, आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं. ते चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, म्हणजे सेलवर, शाईनं गिरवायचं, मागून रंग भरायचा, मग कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फ्रेम टिपायची.

कॉम्प्युटरमध्ये आधी बाहुली बनवतात. तिला सांधे बसवतात, त्याला रिगिंग म्हणतात. मग ॲनिमेटर कळसूत्री बाहुलीसारखी तिची पोझ लावतो. पहिल्या फ्रेमला एक पोझ, बाराव्या फ्रेमला दुसरी, मधलं कॉम्प्युटर भरतो. शेवटी प्रकाशयोजना आणि रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरकडून प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र करून घेणं.

थोडक्यात, हाताच्या पद्धतीत काहीच फुकट मिळत नाही आणि कॉम्प्युटरमध्ये मधली चित्रं फुकट मिळतात. बाकीचे बहुतेक फरक इथूनच फुटतात.

म्हणजे कॉम्प्युटरनं काम सोपं केलं ना?

साडीचं उदाहरण घ्या. हातानं काढायचं असेल तर बारीक बुट्टीची साडी हा ॲनिमेटरचा शत्रू. बाई वळली की प्रत्येक बुट्टी पुन्हा काढायची, तीही पदराच्या घडीनुसार वाकवून, सेकंदाला बारा वेळा. एखादी बुट्टी इकडची तिकडे झाली की पडद्यावर साडीला खाज सुटल्यासारखी दिसते. म्हणून जुन्या कार्टूनमधली माणसं वर्षानुवर्षं सपाट रंगाचे कपडे घालतात. गरिबी नव्हे हो, हिशेब. १९६१ सालच्या ठिपक्यांच्या कुत्र्यांच्या चित्रपटात डिस्नेनं पेन्सिलच्या रेषा पूर्ण चित्रपटभर थेट झेरॉक्सनं सेलवर उतरवल्या, त्यामागे ही कटकटही होती. इतक्या कुत्र्यांच्या अंगावरचे इतके ठिपके हातानं गिरवायला कुणाला परवडणार? त्या चित्रपटाच्या रेषा म्हणूनच जरा खरबरीत दिसतात. मला त्या आवडतात.

कॉम्प्युटरला बुट्टीचं काहीच वाटत नाही. एकदा कापडावर छापली की पात्र कितीही नाचलं तरी ती जागेवर राहते. पण त्याच बाईनं पदर कमरेला खोचला, की स्टुडिओत सगळ्यांचा चेहरा पडतो. कापडाला हात लागणं, ते चुरगळणं, खोचलं जाणं, पावसात भिजून पायाला चिकटणं, हे सगळं वेगळं गणित, आणि बोटं कापडातून आरपार जातात ते निराळंच. नऊवारीचा काष्टा तर विचारूच नका. हाताच्या ॲनिमेटरला तोच पदर खोचणं म्हणजे पाच-सहा चित्रं आणि एक कप चहा.

तर सोपं झालं असं नाही, अवघड जागा बदलली. कॅमेरा पात्राभोवती गोल फिरवणं हातानं जिवावर येतं, कॉम्प्युटरमध्ये ती क्षणाची गोष्ट. उलट माणूस घाबरून पिठाच्या गोळ्यासारखा ताणला जाणं हातानं सहज जमतं, बाहुलीचे सांधे मात्र तिथे मोडतात. केसांचंही तसंच. २००१च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधल्या त्या निळ्या राक्षसाच्या अंगावर २३ लाखांच्या घरात केस होते. ते कुणी एकेक करून हलवले नाहीत, त्यासाठी आधी आज्ञावली लिहावी लागली.

जुन्यात जीव वाटतो, नव्यात नाही. हा आमच्या वयाचा भ्रम आहे का?

थोडा आहे. शनिवारी दुपारी जमिनीवर पालथं पडून पाहिलेलं सगळंच छान असतं. पण सगळा भ्रम नाही. वर्गातली गोष्ट सांगतो.

सहावीतल्या एका मुलीला तिची आजी काढायची होती, ठाणे स्टेशनचा पूल चढताना. एका हातात पिशवी, पायात सपाता. तिनं कागदावर चौदा चित्रं काढली. आजी पाऊल वर ठेवते, मग मोकळा हात गुडघ्यावर येतो, गुडघा दाबला जातो आणि त्या दाबावर आजी वर जाते. हात गुडघ्यावर टेकलेलं चित्र तिनं आठ फ्रेम रोखून धरलं होतं. का, तर म्हणे, ‘आजी तिथे दम घेते.’ मी तिला हे शिकवलं नव्हतं.

मग तिनं तेच कॉम्प्युटरवर केलं. पायरीखालची आजी, पायरीवरची आजी, मधलं तू भर. कॉम्प्युटरनं इमानेइतबारे भरलं. आजी सरकत्या जिन्यावर उभी असल्यासारखी तरंगत वर गेली. गुडघा नाही, दम नाही, पिशवीला वजन नाही. चूक काहीच नव्हती, आणि ती तिची आजीही नव्हती.

फुकट मिळालेली हालचाल अशी असते. कागदावर प्रत्येक मधलं चित्र काढताना हात विचारतो, आता पाय कुठे, वजन कुठे? कॉम्प्युटरमध्ये हा प्रश्न न विचारताच उत्तर येऊन बसतं. जुन्या चित्रपटांत जो जीव जाणवतो तो पेन्सिलमुळे नाही, या विचारण्यामुळे आहे.

मग कॉम्प्युटरचे चांगले चित्रपट निर्जीव का नाही वाटत?

कारण तिथले ॲनिमेटर फुकटचं घेत नाहीत. कॉम्प्युटरनं भरलेल्या हालचालीचा आलेख उघडून ते त्याची वळणं फ्रेमगणिक वाकवतात. १९९५चा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण कॉम्प्युटरवर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर मुळात कागदावर शिकलेला माणूस. हाताच्या ॲनिमेशनची तत्त्वं थ्रीडीत कशी वापरायची यावर त्यानं १९८७ सालीच एक निबंध लिहिला होता. दबणं-ताणणं, उडी मारण्याआधी खाली बसणं, थांबल्यावरही केस-कपडे पुढे झुलणं, ही ती तत्त्वं. आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात तीच.

आणि विषय खेळण्यांचाच का निवडला? तेव्हाच्या कॉम्प्युटरला प्लास्टिक उत्तम जमायचं, कातडी आणि केस जमायचे नाहीत. त्या चित्रपटातली माणसं बघा, खेळण्यांपेक्षा तीच जास्त प्लास्टिकची दिसतात. आपल्या यंत्राला काय येत नाही हे ओळखून गोष्ट निवडली, याला मी अक्कल म्हणतो.

सिंहांचा तो चित्रपट दोन्ही प्रकारे निघाला. चांगला कुठला?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि जिन्यात यावरून दोन बाबांची जुंपलीही आहे.

‘द लायन किंग’ १९९४ साली हातानं काढला गेला आणि २०१९ साली जवळजवळ पूर्ण कॉम्प्युटरवर. दुसऱ्यात खरा चित्रित केलेला शॉट एकच आहे, सुरुवातीच्या सूर्योदयाचा. बाकी गवताची काडीसुद्धा बनवलेली. कारागिरी अचाट, धंदाही १६० कोटी डॉलरच्या वर. पण खऱ्या सिंहाला भुवया नसतात. १९९४च्या सिंहांना आहेत, आणि दुष्ट काकाचं अर्धं काम एक भुवई वर करण्यात आहे. नवीन सिंह हुबेहूब खरे ठेवायचे म्हटल्यावर भुवई गेली आणि ओठांचा तिरकसपणाही गेला. बाप मेल्यावर छावा रडतो तिथे आवाज रडतो, चेहरा डिस्कव्हरी चॅनेलवरच राहतो.

हा दोष कॉम्प्युटरच्या माथी मारू नका. कॉम्प्युटरवर भुवया बसवणं मिनिटाचं काम. खरं दिसायला हवं, हा हट्ट माणसांचा होता.

आणि एक गंमत. १९९४च्या चित्रपटातली रानगव्यांसारख्या जनावरांची ती चेंगराचेंगरी आठवते ना? ते कळप कॉम्प्युटरनंच पळवले होते.

म्हणजे ‘शुद्ध हातानं काढलेला’ असं काही नसतंच?

होतं, पण सरमिसळ तुम्हाला वाटते त्याच्या खूप आधी सुरू झाली. डिस्नेचा जवळपास पूर्णपणे सेलवर रंगवलेला शेवटचा मोठा चित्रपट १९८९चा, जलपरीचा. १९९०च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून कागदावरची चित्रं स्कॅन करून रंग कॉम्प्युटरमध्ये भरायला लागले. १९९१च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये नाचाचं दालन कॉम्प्युटरचं, नाचणारी जोडी हातानं काढलेली. तुमच्या लहानपणीच्या ‘जुन्या, अस्सल’ चित्रपटांत बरेचसे या काळातले आहेत. रंगही कॉम्प्युटरनंच भरलेले.

उलट दिशेनंही वाहतुक चालू आहे. २०१९चा स्पेनमध्ये झालेला ‘क्लाउस’ बघा. पात्रं हातानं काढलेली, पण त्यांच्यावर पडणारा प्रकाश कॉम्प्युटरच्या मदतीनं रंगवलेला. आमच्याकडे दाखवला तेव्हा अर्ध्या पालकांनी तो थ्रीडी आहे यावर माझ्याशी पैज लावली.

जपानी लोक अजून हातानंच काढतात ना?

बऱ्याच प्रमाणात. दिग्दर्शक मियाझाकींच्या २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळालं आणि २०२३च्या ‘द बॉय अँड द हेरॉन’लाही, दोन्ही हाताचे. पण ‘जपान म्हणजे हात’ असं समजू नका. १९९७च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’तच कॉम्प्युटर शिरला होता, आणि मियाझाकींच्याच स्टुडिओनं २०२०त एक आख्खा चित्रपट कॉम्प्युटरवर केला. जपानी कामातून मुलांनी उचलावी अशी गोष्ट वेगळीच आहे: स्थिर बसणं. पात्र पाच-सहा सेकंद नुसतं खिडकीबाहेर बघतं, फक्त केस हलतात. चित्रंही कमी लागतात आणि प्रेक्षकालाही श्वास मिळतो.

आपल्याकडे हे कधी होतं का, की सगळं बाहेरचंच?

होतं, आणि लोकलनं जाऊन बघता येईल इतकं जवळ होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याला कोंब फुटताना एकेक फ्रेम टिपून दाखवला. त्यावर पैसा उभा राहिला आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवणारी चित्रफीतही केली. आपल्याकडच्या ॲनिमेशनचं मूळ शोधायला निघालात तर त्या काडेपेटीपाशी येऊन थांबावं लागतं.

पेडर रोडच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६च्या सुमारास कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि शिकणाऱ्यांत राम मोहन होते. १९५७ साली जातककथेवरचा ‘द बॅनियन डियर’ निघाला. १९७४चं ‘एक, अनेक और एकता’ तर दूरदर्शनवर पाहिलं नाही असा माझ्या वयाचा माणूस नाही. ते विजया मुळ्यांचं. फिल्म्स डिव्हिजनच्या त्या जागेत आता भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुलांना न्या, फक्त सोमवार टाळा.

राम मोहन पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावरच्या चित्रपटाचे सहदिग्दर्शक झाले. जपानी आणि भारतीय अशी जोडी, सगळं सेलवर. १९९०च्या दशकात तो आपल्याकडे फारसा कुणी पाहिला नाही, मग टीव्हीवर बघून एक पिढी त्याच्या प्रेमात पडली, आणि २०२५च्या जानेवारीत तो देशभर थेटरांत लागला. त्याच वर्षी जुलैत कॉम्प्युटरवर केलेला ‘महावतार नरसिंह’ तुफान चालला. दोन्हींना गेलेल्या मुलांनी वर्गात काय सांगितलं? नरसिंहाचा खांब फुटतो तो प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ. रामायणातलं काय आठवतं म्हटल्यावर एकजण म्हणाला, ‘झाडांमधला उजेड.’ मी काही बोललो नाही, पण दिवसभर खूश होतो.

स्वस्त काय पडतं?

वाईट काम. चांगलं काम दोन्हीकडे महागच. अलीकडचे मोठे अमेरिकी कॉम्प्युटरपट २० कोटी डॉलरच्या घरात जातात.

स्पायडर-मॅनचं ते कार्टून लावलं की तो अडखळत चालतो. आमचा टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही ठीक आहे, स्पायडर-मॅन मुद्दाम अडखळतोय. २०१८च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये त्यांनी कॉम्प्युटरची फुकटची चित्रं चक्क काढून टाकली आणि बरीचशी हालचाल हाताच्या पद्धतीसारखी सेकंदाला १२ चित्रांवर आणली. एका प्रसंगात नवशिका मुलगा १२वर झोके घेतो आणि मुरलेला स्पायडर-मॅन २४वर. मुलगा अजून शिकतोय हे तुम्हाला कुणी सांगत नाही, डोळ्यांना कळतं.

टीव्हीवर मात्र माझा एक राग आहेच. नव्या टीव्हीत ‘मोशन स्मूदिंग’ नावाची भानगड असते, कंपनीगणिक नाव वेगळं. क्रिकेटसाठी बरी. पण ती दोन फ्रेमच्या मध्ये आपल्या मनानं चित्रं घुसवते. हातानं काढलेल्या चित्रपटात ॲनिमेटरनं जे चित्र जाणूनबुजून रोखून धरलंय, ते ती वितळवून टाकते. सेटिंगमध्ये जा आणि बंद करा. दिवाळीत एका नातेवाइकांकडे मी कुणाला न विचारता बंद करून आलो, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता एआय आलंय. हे सगळं शिकून उपयोग काय?

एआय म्हणजे आणखी फुकट. मधलीच नाही, आता कीसुद्धा. आजी कुठे दम घेते हे मात्र त्याला सांगावं लागेल, आणि सांगायचं तर आधी आजीकडे बघितलेलं असावं लागेल.

यात करिअर आहे का?

आहे, पण स्वप्न दाखवून फी घेणाऱ्यांपासून जपा. मी ज्या स्टुडिओत होतो तिथे चित्रागणिक पैसे मिळायचे. शेवटच्या तीन महिन्यांचे मिळालेच नाहीत, एका सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. आज कॉम्प्युटरच्या कामाला मागणी जास्त आहे, आणि त्यात कित्येक जण आयुष्यभर फक्त दगडांचे पोत किंवा धूर बनवतात. वाईट नाही, पण मुलाला ‘कार्टून काढायचंय’ म्हणजे नेमकं काय करायचंय ते विचारा. शिक्षणासाठी पवईला आयआयटीतलं आयडीसी आणि अहमदाबादचं एनआयडी ही डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची दोन नावं आधी बघा. प्रवेश अवघड आहे, म्हणूनच चित्रकलेची वही आतापासून भरलेली हवी.

आधी टॅब घेऊ का?

नको. जाड काच दोन पुस्तकांवर ठेवा, खाली एलईडीची पट्टी. झाला लाइट बॉक्स. कागद सरकू नयेत म्हणून साध्या पंचनं दोन भोकं पाडा आणि त्या अंतरावर पट्टीला दोन खुंट्या चिकटवा. मोबाइलवर फोटो काढून चित्रं एकामागोमाग लावणारी फुकट ॲप्स आहेत.

दोन-तीनशे चित्रं काढून झाल्यावरही मूल टिकलं, तर घरच्याच कॉम्प्युटरवर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, आणि खेळणं नाही. लॅटव्हियातल्या एका दिग्दर्शकानं छोट्या चमूबरोबर त्यावर मांजराची गोष्ट केली, ‘फ्लो’, एकही संवाद नसलेली. २०२५ साली तिनं मोठमोठ्या स्टुडिओंना मागे टाकून ऑस्कर नेलं.

आजी-आजोबांना वर्गात बसता येईल का?

येईल, खुर्च्या आहेत, फक्त जिना आहे.

ती पुलावरची आजी एकदा नातीला सोडायला आली होती. दम घेऊन बसली, नातीची चौदा चित्रं हातात घेतली आणि पत्त्यांसारखी फडफडवून तीन-चारदा पाहिली. मग म्हणाली, ‘अगं, मी आधी वर बघते, किती पायऱ्या उरल्यात ते. मग गुडघ्यावर हात. आणि माझ्या साडीवरची बुट्टी कुठे गेली?’

पुढच्या रविवारी चित्रं अठरा झाली होती. आजी आता मान वर करून बघते, मग गुडघ्यावर हात टेकते. बुट्टी काही काढलेली नव्हती.